आकाशीच्या नियमांचे पाईक : जे. आर. डी. टाटा

पेडण्याच्या उत्तरेस पत्रादेवी आणि डिचोलीच्या पलीकडे दोडामार्ग ही दोन नावे आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. सन १९६१ च्या डिसेंबरपर्यंत या ठिकाणी एक राज्य संपून दुसरे राज्य सुरू होत असे. भूमीवर सीमा आखता येते, तेथे नाका बसविता येतो, पहारेकरी उभा करता येतो. आकाशात यांपैकी काहीच शक्य नाही. विमान ही सीमा काही क्षणांत ओलांडून जाते आणि खाली राहणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. मग त्या विमानाची तपासणी कोणी करावयाची? त्याचा वैमानिक लायक आहे हे कोणी ठरवावयाचे? एका देशाने सुरक्षित ठरविलेले यंत्र दुसऱ्या देशाने कोणत्या भरवशावर आपल्या डोक्यावरून जाऊ द्यावे? विसाव्या शतकात साऱ्या जगाला या प्रश्नांची उत्तरे शोधावी लागली. ती कागदावर उतरविणारे मुत्सद्दी अनेक देशांत झाले. परंतु कागदावरील नियम स्वदेशाच्या विमानसेवेत प्रत्यक्ष आचरून दाखविणाऱ्या पुरुषांत एका भारतीयाचे नाव फार आदराने घेतले जाते. ते म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, अर्थात जे. आर. डी. टाटा.

सन १९०४ च्या जुलै महिन्याच्या २९ तारखेस पॅरिस येथे त्यांचा जन्म झाला. वडील रतनजी हे उद्योगमहर्षी जमशेटजी टाटांच्या नात्यातले आणि त्यांच्या उद्योगातील सहकारी. आई सुझान ही फ्रेंच. विवाहानंतर तिचे नाव सूनी असे ठेवण्यात आले. पाच भावंडांत जहांगीर दुसरे. त्यांचे बालपण काही फ्रान्समध्ये तर काही मुंबईत गेले. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्देलो नावाचे एक गाव आहे. सुटीत टाटा कुटुंब तेथे राहावयास जाई. लुई ब्लेरिओ या सुप्रसिद्ध वैमानिकाचे घर तेथून जवळच होते आणि तेथल्या पुळणीवर विमाने उतरत असत. ती पाहता पाहता या मुलाच्या मनात उड्डाणाची ओढ निर्माण झाली. वयाच्या पंधराव्या वर्षी एका विमानात बसून आकाशाची सफर करण्याची संधी त्यांना मिळाली आणि पुढे आपण वैमानिक व्हावयाचे हा त्यांचा निश्चय झाला.

ज्या ब्लेरिओचे हे सान्निध्य लाभले, त्यानेच २५ जुलै १९०९ रोजी विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडली होती. फ्रान्सच्या भूमीवरून उडालेले विमान इंग्लंडच्या भूमीवर उतरले. पण त्या उड्डाणास लागू पडावा असा दोन देशांना मान्य झालेला कायदाच तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो करावा म्हणून १९१० साली पॅरिसमध्ये परिषद भरली, परंतु राष्ट्रांचे एकमत झाले नाही. पुढे पहिले महायुद्ध झाले. विमान काय करू शकते हे त्या युद्धाने सर्वांना दाखविले आणि १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस येथेच हवाई वाहतुकीचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राचीच सत्ता राहील, परंतु विमानाची नोंदणी, त्याची उड्डाणयोग्यता आणि वैमानिकाचा परवाना यांविषयी सर्वांनी समान नियम पाळावेत, असे त्या कराराने ठरविले. आपल्या विमानांच्या अंगावर आजही व्ही-टी अशी दोन अक्षरे रंगविलेली असतात. ही भारताची ओळख त्याच काळातली आहे. मात्र अमेरिकेने या करारास अखेरची मान्यता दिली नाही. अमेरिका खंडातील राष्ट्रांनी १९२८ मध्ये हवाना येथे आपला वेगळा करार केला. त्यामुळे आकाश एक आणि नियमांची पुस्तके दोन, अशी स्थिती पुढे अनेक वर्षे राहिली.

इकडे जहांगीर तरुण झाले. आई १९२३ साली निवर्तली. फ्रेंच नागरिक या नात्याने त्यांनी एक वर्ष फ्रान्सच्या सैन्यात काढले. १९२५ च्या अखेरीस ते मुंबईस येऊन टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून काम करू लागले. दुसऱ्याच वर्षी वडिलांचेही निधन झाले आणि बावीस वर्षांच्या या तरुणावर घराची जबाबदारी येऊन पडली. तशाही स्थितीत विमानाचा ध्यास त्यांनी सोडला नाही. मुंबईत वैमानिकी शिकण्याची सोय होताच ते शिकावयास गेले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. भारतात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हा परवाना भारत व ब्रह्मदेश यांच्या एअरो क्लबने दिला होता, पण त्यामागे आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघाचा अधिकार होता. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचा त्याग केला.

आगाखान यांनी भारत व इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या भारतीयास पारितोषिक जाहीर केले. १९३० साली जहांगीर कराचीहून लंडनकडे निघाले. अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा पारशी तरुण लंडनहून कराचीकडे येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीच्या विमानाचे प्लग निकामी झाल्याने तो अडकून पडला होता. प्रतिस्पर्धी अडचणीत सापडला असता पुढे निघून जाणे सोपे होते. जहांगीर यांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. अस्पी पुढे गेला आणि पारितोषिक त्यानेच जिंकले. हाच तरुण पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. प्रवासात दुसऱ्याच्या विमानाची सुरक्षितता ही आपलीही जबाबदारी आहे, हा विमानविद्येतील अलिखित धर्म जहांगीर यांनी त्या दिवशी पाळला.

ब्रिटिश हवाई दलात पूर्वी वैमानिक असलेले नेव्हिल व्हिन्सेंट हे या सुमारास टाटांकडे टपाल वाहून नेण्याची एक योजना घेऊन आले. इंग्लंडहून कराचीपर्यंत विमानाने येणारी पत्रे तेथून पुढे मुंबई व मद्रासकडे विमानानेच न्यावीत, अशी ती योजना होती. सरकारदरबारी बराच काळ गेल्यावर ती मंजूर झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर यांनी एका इंजिनाचे पस मॉथ विमान कराचीहून स्वतः उडविले आणि अहमदाबादमार्गे सुमारे २५ किलो टपाल घेऊन ते मुंबईत जुहूच्या माळावर उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारी व मद्रासकडे नेले. विमानात रेडिओ नव्हता आणि वाट दाखविणारी यंत्रेही नव्हती. पावसाळ्यात जुहूची जमीन पाण्याखाली जाई, म्हणून तेवढ्या काळापुरता मुक्काम पुण्यास हलवावा लागे. इतकी साधने तोकडी असताही टपाल वेळेवर पोहोचविण्याबद्दल टाटांच्या या सेवेचा लौकिक झाला. पहिल्या वर्षी तिने सुमारे १,६०,००० मैलांचे उड्डाण केले, १५५ प्रवासी नेले आणि सुमारे ६०,००० रुपये नफा मिळविला.

१९३५ साली टाटांनी मुंबईहून त्रिवेंद्रमपर्यंत नवी सेवा सुरू केली. वाटेत गोवा आणि कण्णूर हे दोन थांबे होते. गोमंतकीय वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. दाबोळीचा विमानतळ तेव्हा बांधलेला नव्हता. तो १९५५ साली झाला. गोव्यावर पोर्तुगालची सत्ता होती, म्हणून मुंबईहून त्रिवेंद्रमकडे निघालेले ते छोटेसे विमान वाटेत चक्क परराष्ट्रात उतरत असे. पत्रादेवीच्या नाक्यावर बैलगाडी जिथे अडत होती, तेथूनच ते विमान डोक्यावरून जाऊ शकत होते. भारत आणि पोर्तुगाल हे दोघेही पॅरिसच्या करारात सामील होते. ते नसते, तर अशी सेवा चालू करताना विमानाच्या तपासणीपासून वैमानिकाच्या परवान्यापर्यंत प्रत्येक गोष्टीची बोलणी नव्याने करावी लागली असती.

१९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्षपद जहांगीर यांच्याकडे आले. पोलाद, वीज, रसायने अशा अनेक कारखान्यांचा कारभार ते पाहू लागले. तरी त्यांचे मन विमानांतच होते. पुढे दुसरे महायुद्ध झाले. त्या सहा वर्षांत विमाने मोठी झाली, महासागर ओलांडू लागली आणि नियमांची दोन पुस्तके आता चालणार नाहीत हे सर्वांस कळून चुकले. अमेरिकेच्या निमंत्रणावरून १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये शिकागो येथे परिषद भरली. ७ डिसेंबर १९४४ रोजी तेथे ५२ राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या. भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व सर गिरिजाशंकर बाजपेयी यांच्याकडे होते. या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना जन्मास आली. ४ एप्रिल १९४७ पासून तिचे रीतसर कार्य सुरू झाले. तिची मुख्य कचेरी कॅनडातील माँट्रियल येथे आहे.

या कराराची रचना मोठी शहाणपणाची आहे. विमानाला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र ज्या देशात त्याची नोंदणी झाली तोच देश देतो. संघटनेने ठरविलेल्या किमान कसोट्यांना ते प्रमाणपत्र उतरत असेल, तर इतर सभासद राष्ट्रांनी ते मान्य केले पाहिजे. वैमानिकाच्या परवान्यालाही हाच न्याय लागू आहे. सर्व राष्ट्रांनी आपले नियम शक्य तितके एकसारखे ठेवावेत आणि एखादा नियम पाळणे शक्य नसेल तर तसे संघटनेला उघडपणे कळवावे, म्हणजे इतरांची फसगत होणार नाही, असेही त्यात आहे. कोणाचेही सार्वभौमत्व हिरावून न घेता सर्वांना एका शिस्तीत आणण्याची ही युक्ती होय. नियमांचे तपशील कराराच्या परिशिष्टांत आहेत. वैमानिकांचे परवाने, आकाशातील वाटांचे नियम, विमानांची उड्डाणयोग्यता, अपघातांची चौकशी अशी ती परिशिष्टे एकेक करून तयार होत गेली.

भारत स्वतंत्र झाला तेव्हा हा करार नवा होता. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा या मार्गाने लंडनकडे निघाले. प्रवाशांत जहांगीर स्वतः होते. विमान अमेरिकेत बांधलेले, नोंदणी भारताची, वाटेत इजिप्त व स्वित्झर्लंड आणि उतरावयाचे इंग्लंडमध्ये. भारतीय प्रमाणपत्राच्या बळावर त्या विमानाला त्या देशांत प्रवेश होता. हा विश्वास भारताला दानात मिळालेला नव्हता. गरीब व नवस्वतंत्र देशाचे विमान श्रीमंत देशांच्या कसोटीला उतरते हे प्रत्येक उड्डाणात सिद्ध करावे लागे. प्रमाणपत्र सरकारने द्यावयाचे. पण ते खरे ठरवावयाचे ते विमान दुरुस्त करणाऱ्या कामगाराने, वैमानिकाने आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या माणसाने. जहांगीर यांनी हे ओळखले होते. आपल्याच विमानांतून प्रवास करताना ते बारीकसारीक उणिवा टिपून ठेवीत आणि परतल्यावर संबंधितांस लिहून कळवीत. पडद्याचा रंग, चहाची चव, आसनाची मोडतोड, काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. लहान गोष्टीत हयगय करणारा मोठ्या गोष्टीतही करील, हे सूत्र त्यांच्या कारभारात दिसून येई.

या कार्यात यश होते तसे दुःखही होते. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच मलबार प्रिन्सेस विमान आल्प्स पर्वतातील माँट ब्लांक शिखरावर आदळले आणि त्यातील ४८ जणांचा अंत झाला. विमान भारताचे, अपघात फ्रान्सच्या भूमीवर. अशा वेळी चौकशी कोणी करावयाची, याचे समान नियम सांगणारे परिशिष्ट शिकागो करारास ११ एप्रिल १९५१ रोजी जोडले गेले. ज्या देशात अपघात घडला त्याने चौकशी करावी आणि विमानाची नोंदणी करणाऱ्या देशाला तीत आपला प्रतिनिधी पाठविण्याचा हक्क असावा, असे त्याचे तत्त्व आहे.

त्या तत्त्वाची कठोर परीक्षा बरोबर चार वर्षांनी झाली. ११ एप्रिल १९५५ रोजी एअर-इंडियाचे काश्मीर प्रिन्सेस विमान बांडुंग परिषदेला जाणाऱ्या चिनी शिष्टमंडळातील सभासदांना व पत्रकारांना घेऊन हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले होते. दक्षिण चिनी समुद्रावर असताना त्यात स्फोट होऊन आग लागली. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार यांनी जळते विमान समुद्रावर उतरविण्याची शिकस्त केली. कर्मचाऱ्यांनी शेवटच्या क्षणापर्यंत प्रवाशांना लाइफ जॅकेटे दिली. विमानातील १९ जणांपैकी १६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत कॅप्टन जटार व हवाई सेविका ग्लोरिया बेरी होत्या. सहवैमानिक दीक्षित, नेव्हिगेटर पाठक आणि देखभाल अभियंता अनंत श्रीधर कर्णिक हे तिघे वाचले. समुद्र इंडोनेशियाजवळचा, विमान भारताचे, त्याची निगा हाँगकाँगच्या ब्रिटिश वसाहतीत घेतलेली आणि प्रवासी बहुतेक चीनचे. राजकारणाच्या त्या तापलेल्या दिवसांत प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखविले असते, तर सत्य समुद्रातच बुडाले असते. इंडोनेशियाने चौकशी केली, समुद्रातून विमानाचे अवशेष काढण्यात आले आणि विमानात टाइमबॉम्ब ठेवलेला होता हे सिद्ध झाले. यंत्रात दोष नव्हता आणि वैमानिकाचीही चूक नव्हती. आपल्या मराठी घरांतील जटार, दीक्षित, कर्णिक यांनी कर्तव्य कसे बजावले हेही त्यामुळे जगाला कळले आणि सरकारने कर्मचाऱ्यांच्या शौर्याचा सन्मान केला.

१९५३ साली विमानसेवांचे राष्ट्रीयीकरण झाले. जहांगीर यांना ते मनापासून पसंत नव्हते. तरीही सरकारने विनंती करताच त्यांनी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पंचवीस वर्षे सांभाळले. १९५८-५९ मध्ये आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघाचे, म्हणजे आयाटाचे, ते अध्यक्ष होते. शिकागोची संघटना सरकारांची, तर आयाटा ही विमान कंपन्यांची. तिकिटे, सामान, विमानतळांची संक्षिप्त नावे यांसारख्या व्यवहारांत जगभर एकसूत्रता आणणे हे तिच्या कार्यात मोडते. १९७८ च्या फेब्रुवारीत सरकारने त्यांना एअर-इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केले. त्यांना त्याचे दुःख झाले, पण आकाशाशी असलेले नाते तुटले नाही.

१९३२ च्या पहिल्या उड्डाणाची आठवण म्हणून त्यांनी १९६२ साली व पुन्हा १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून कराची ते मुंबई हे अंतर स्वतः पार केले. १९३२ मध्ये कराची व मुंबई ही एकाच देशातील दोन शहरे होती. १९६२ मध्ये त्यांच्यामध्ये राष्ट्राची सीमा आली होती. गोव्याचे याच्या उलट झाले. १९३५ मध्ये टाटांचे विमान गोव्यात उतरत असे तेव्हा तो परदेश होता. १९६१ नंतर तो स्वदेश झाला. माणसांनी आखलेल्या सीमा एका पिढीत इतक्या बदलल्या. भारत, पाकिस्तान आणि पोर्तुगाल यांच्यात कडवट वैर होते, तेव्हाही तिघेही शिकागो कराराचेच सभासद होते. सीमा हलल्या तरी विमानाच्या पंखाला किती भार सोसावा हे ठरविणारी कसोटी हलली नाही. कारण वारा आणि गुरुत्वाकर्षण कोणत्याही देशाचे नागरिक नाहीत.

जहांगीर यांना १९५५ मध्ये पद्मविभूषण व १९९२ मध्ये भारतरत्न हे सन्मान मिळाले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने १९८६ साली मिळालेला एडवर्ड वॉर्नर पुरस्कार सर्वांत बोलका आहे. एडवर्ड वॉर्नर हे अमेरिकन अभियंते. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या कार्यकारी परिषदेचे पहिले अध्यक्ष. दहा वर्षे त्यांनी त्या परिषदेचे सुकाणू सांभाळले आणि निरनिराळ्या राष्ट्रांचे नियम जुळवून आणण्यात आपले आयुष्य वेचले. त्यांच्या नावाचा पुरस्कार ही संघटना देते. एकाने नियम घडविले आणि दुसऱ्याने ते दूरदेशी आपल्या माणसांच्या हातांनी पाळून दाखविले. त्या दोघांची नावे अशी एकत्र आली. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे जे. आर. डी. टाटा यांचे निधन झाले. पॅरिस येथील पेर लाशेझ स्मशानभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या पेडणे तालुक्यात मोपाच्या सड्यावर २०२३ च्या जानेवारीपासून नवा विमानतळ सुरू झाला आहे. तेथे उतरणाऱ्या प्रवाशाच्या सामानाच्या चिठ्ठीवर जी-ओ-एक्स ही अक्षरे असतात, दाबोळीस उतरणाऱ्याच्या चिठ्ठीवर जी-ओ-आय. जगाच्या कोणत्याही टोकाला ती अक्षरे वाचणाऱ्यास पेटी कोठे पाठवावयाची हे कळते. एकोणीस परिशिष्टे आणि १९३ सभासद राष्ट्रे एवढा आज या नियमांचा विस्तार झाला आहे. आपल्यापैकी कोणी उद्या तेथे वैमानिक होईल, कोणी अभियंता, कोणी मनोऱ्यावरून विमानांना वाट दाखवील, कोणी इंजिनाचा खिळा आवळील. त्याच्या हातून सुटलेल्या विमानात बसलेला प्रवासी त्याला ओळखत नसेल. त्याची भाषाही कदाचित वेगळी असेल. तरीही पाहणारे कोणी नसताना तो खिळा नियमाप्रमाणे आवळणे, हेच या थोर पुरुषाचे खरे स्मरण होईल.